न खणलेला वाफा

आयुष्यभर विहिरी खणलेला हा माणूस दुसऱ्याच्या हातात कुदळ दिसली की बेचैन व्हायचा. नालवाडीच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे विहिरीवाले काका म्हणत. खरं नाव मला ते गेल्यावर कळलं, आणि ते अजूनही मला कुणा परक्याचं वाटतं. देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट, जिथून बोलावणं येईल तिथे जाऊन त्यांनी काळ्या पत्थरात विहिरी उतरवल्या होत्या. पण गल्लीत कुणी अंगणात खड्डा करायला घेतला की काठी टेकत ते तिथे हजर. "कायले तरास देऊन राह्यला मातीले?" असं विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

माझ्या फाटकाशी ते पहिल्यांदा आले तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. आमचं घर नवं. पाया आणि संडासाची टाकी खणताना निघालेला पिवळा मुरूम ठेकेदाराने अंगणभर पसरून दिला होता, त्यावर गवतही धड उगवत नव्हतं. भाजीचा एक वाफा करावा म्हणून मी दोन दिवस कुदळ मारत होते. हाताला फोड आले होते आणि खड्डा झाला होता जेमतेम गुडघ्याएवढा. मागून आवाज आला, "काऊन बाई, कोणाले पुरून राह्यली?"

मी दचकले. मी तशी कशानेही दचकते. गॅस बंद केला की नाही हे बघायला निम्म्या वाटेवरून परत येणाऱ्यांपैकी मी. सेवाग्रामला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. माझा नवरा चंद्रपूरला असतो आणि शनिवारी येतो. तो म्हणतो, ही दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासते आणि घरी येऊन स्वतःचं आटवते. खोटं नाही ते.

त्या वाफ्याची मला घाई होती, आणि त्या घाईचं कारण आत खाटेवर बसलं होतं. माझी आई. बाबा गेल्यापासून ती जामजवळच्या आमच्या गावी एकटी राहत होती. भाद्रपदात न्हाणीत पडली आणि शेजारीण विरजण मागायला येईपर्यंत अर्धा दिवस तशीच पडून राहिली. तिचं हाड मोडलं नाही, पण माझी झोप मोडली ती मोडलीच. मी तिला इकडे घेऊन आले. मी एकटीच लेक, दुसरीकडे ती जाणार कुठे? पण आल्या दिवशीच तिने आपली कापडी पिशवी खुंटीला अडकवली. तिच्यात चार साड्या, चष्म्याचं घर आणि गावच्या घराची किल्ली. कपाटात तिने काही ठेवलं नाही. एक साडी काढायची, नेसायची, धुऊन वाळली की घडी घालून परत पिशवीत. "लेकीच्या घरी किती दिवस राहाचं? संक्रांत झाली का जातो मी," असं ती रोज एकदा तरी म्हणायची. कामावरून आल्यावर चप्पल काढायच्या आधी माझी नजर खुंटीकडे जायची. पिशवी जागेवर दिसली की आजचा दिवस निभावला म्हणायचं.

उभा जन्म ती वावरात राबलेली. मला वाटलं, दारात हातभर हिरवं झालं तर तिचा जीव रमेल. संक्रांतीला दोन-अडीच महिने उरले होते. हे सगळं मी काकांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या खड्ड्यात काठी घालून दोनदा ठोकली आणि म्हणाले, "बुजव हे. वरचं वर, खालचं खाली."

हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. त्याचा अर्थ त्यांनी माझ्या पायरीवर बसून सांगितला. "विहीर खोदाले लागलं का वरची काळी माती पहिले निघते. ते ढिगाऱ्याच्या बुडाशी दबून जाते. मंग मुरूम निघते, मंग पत्थर, अन् ते सारं बसते वर. त्या ढिगाऱ्यावर पाच-पाच साल काडी उगत नाई. वरची वीतभर माती जित्ती असते, बाई. खालच्याले वर आणाचं काम मी लय केलं. तू नोको करू."

मग त्यांनी कोहळ्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी मला पुढे दहा वेळा तरी ऐकवली असेल. एका गावी त्यांनी खणलेल्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर त्या घरची बाई रोजचा केरकचरा, शेण आणि बैलांनी टाकलेलं कुटार, म्हणजे भुसा, नेऊन टाकायची. जवळ पडायचं म्हणून, दुसरं काही कारण नाही. तीन वर्षांनी काका त्याच विहिरीचा गाळ काढायला गेले तर ढिगाऱ्यावर कोहळ्याचा वेल पसरलेला, आणि खाली हात घातला तर माती काळी. "मी तिथं दोन मयने घाम गाळला होता. अन् त्या बाईनं फक्त झाकून ठेवलं." ही गोष्ट सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हरलेल्या माणसाचं हसू असायचं. घरामागे त्यांनी स्वतःचा वाफाही तसाच केला होता, आणि त्यातली वांगी गल्लीतल्या निम्म्या घरांनी खाल्ली होती.

आमचा वाफा त्या शनिवारी झाला. नवऱ्याने दुकानातून फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे आणले. हे मी मोबाइलवर पाहिलं होतं आणि काका हसतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "आम्ही सागाचे पानं अथरतो. पुठ्ठा बी चालते, चिकटपट्टी तेवढी काढ." मुरूम न हलवता त्यावर पुठ्ठे अंथरून भिजवले. वर सागाचा पाला, मग वीतभर शेणखत, आणि सगळ्यांवर सोयाबीनचं कुटार. काकांनी एक गोष्ट मात्र दोनदा बजावली, भिंतीपासून हातभर जागा मोकळी सोडायची. मी हो म्हटलं. कशासाठी, ते विचारायचं राहिलं.

त्यांना दम फार लवकर लागायचा, आणि तो लपवायची त्यांची एक रीत होती. दहा पावलं झाली की ते थांबत आणि समोर जे असेल ते निरखू लागत. विजेचा खांब, कुणाची तुळस, भिंतीवरचा पोपडा. "हा तडा कधी गेला?" असं कुणालाही विचारत आणि समोरचा बोलत असेपर्यंत श्वास भरून घेत. गल्लीतल्या बऱ्याच जणांना वाटायचं की म्हाताऱ्याला नसत्या चौकशा फार. मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. एकदा न राहवून मी दवाखान्याचं विचारलं. ते म्हणाले, "जातो ना. दर मयन्याले जातो. पत्थर फोडला त्याचा आटा छातीत बसला. त्याले आता कोण काढन?" आणि लगेच माझ्या नळाच्या तोटीकडे वळले, "हे गळते काऊन?" आधीच मला आईची काळजी होती, त्यात आता यांची भर पडली.

आईला हा सगळा प्रकार मुळीच पसंत नव्हता. ती वरांड्यात पाठ करून बसायची आणि आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची. "नांगर नाई, वखर नाई, कचरा टाकून राह्यले दारात. लोक काय म्हणतीन?" काकांनी तिला कधी उत्तर दिलं नाही. ते फक्त रोज येऊन वाफ्यावर उलटा तळहात ठेवायचे, ताप बघावा तसा. सुपीक होऊ लागलेली जागा आतून उबदार असते, असं त्यांचं म्हणणं. असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका सकाळी मेथीच्या बियांची पुडी घेऊन आले आणि मला न देता वरांड्याच्या कठड्यावर ठेवली. "वहिनी, मी खड्ड्यातला माणूस. बियाणं मले नाई समजत. हे किती दाट टाकाचं?"

आई वळली नाही. तशीच म्हणाली, "पहिले भिजू घाला लागते."

"असं का? मले त मालूमच नोयतं."

घरामागे इतकी वर्षं भाजी पिकवणाऱ्या माणसाला मेथी भिजवतात हे माहीत नसेल? आईलाही ते कळलं असणार. पण दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून वाफ्याशी बसली, कुटार बाजूला सारून बोटाने ओळी पाडल्या आणि एकीकडे मेथी, एकीकडे घरातले धणे टाकून सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावला. त्या दिवशी मी कामावर तीन नमुन्यांवर चुकीची चिठ्ठी लावता लावता थांबले, इतकी मी खूश होते आणि इतकी घाबरलेही होते. आता ती मेथी उगवलीच पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

ती उगवेना. थंडी पडली होती. रोज सकाळी मी कुटार उचलून बघायचे, संध्याकाळी परत. सहाव्या दिवशी पुठ्ठ्याच्या कडेला मला मातीची बारीक नळी दिसली. वाळवी. आमच्या दाराची चौकट सागवानी, नवी कोरी, तिथून चार पावलांवर.  दाराला वाळवी, मेथीचा पत्ता नाही, संक्रांत तोंडावर, आणि हा कचरा दारात मीच आणून ठेवलेला. मी खुरपं घेतलं आणि तो कोपरा उकरला. शेणखत, पाला, पुठ्ठा सगळं उलटंपालटं करत खाली मुरूम लागेपर्यंत गेले. पाटीभर पिवळा मुरूम वर आला. किती वाळवी होती म्हणाल तर मूठभरही नाही.

काका आले तेव्हा मी तशीच खुरपं धरून बसले होते. ते पायरीवर टेकले. या वेळी त्यांनी कशाचीही चौकशी केली नाही, नुसता श्वास घेत राहिले. मला रडू यायला लागलं. मग म्हणाले, "वाळवी सुकलेलं खाते. तू पाणी कमी टाकलं, म्हणून आली. अन् तिच्याच भेवानं त भिंतीले हातभर जागा सोडाले सांगितलं होतं." मग माझ्या हातातल्या खुरप्याकडे बघत म्हणाले, "तू त दवाखान्यातली आहे. रोज पट्टी काढून पाह्यलं त जखम भरते का?"

वरांड्यातून आईचा आवाज आला, "लहानपणापासून अशीच आहे ते. भुईमूग लावला का दुसऱ्या दिवशी उकरून पाहे. तिच्या बापानं एका वर्षी तिले तिची वेगळी ओळ देल्ली होती, उकराले." आणि ती हसली. बाबा गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं. काकाही हसले, खोकला येईपर्यंत हसले, आणि काठीने तो कोपरा दाखवून म्हणाले, "हा कोपरा तुह्या नावाचा. झाकून ठेव, अन् आता हात नोको लावू."

तीन दिवसांनी बाकीच्या वाफ्यात मेथी वर आली. माझ्या कोपऱ्यात मात्र काही आलं नाही.

संक्रांत आली. तिळगूळ झाला. मी दिवसभर खुंटीकडे बघत होते. संध्याकाळी आईने पहिली मेथी खुडली, भाजी केली आणि जेवताना म्हणाली, "हे मेथी सरली का जातो." तेव्हापासून मला मेथी खुडलेली बघवेना. ताटात भाजी आली की घास उतरत नसे. एवढीशी जागा, किती दिवस पुरणार? मी काकांना सांगितलं तेव्हा ते फाटकाला टेकून उभे होते. त्यांनी मान हलवली. "एक निघाच्या आधी दुसरं टाक. मेथी अर्धी झाली का तिथं पालक. पालक उपटाच्या आधी वांग्याचं रोप. तुह्या मायले जाच्याले जागाच नोको ठेवू."

रोपं त्यांनीच आणून दिली, अर्थात माझ्या हातात नाही. "वहिनी, हे वांगं काटेरी आहे का बिनकाट्याचं, मले समजत नाई." आई म्हणाली, "सारं समजते तुमाले." पण रोपं तिने लावली. मग जायचा दिवस पालकावर गेला, पालकावरून सांभाराच्या बियांवर, तिथून पहिल्या वांग्यावर. पिशवी खुंटीलाच होती. प्रत्येक नवीन तारखेला मला हायसं वाटायचं, आणि दुसऱ्याच क्षणी पुढच्या तारखेची धास्ती सुरू व्हायची.

माघ सरता सरता काकांचं येणं कमी झालं. आधी दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. शेवटचे आले तेव्हा मी नेमकी कामावर निघत होते. त्यांनी फाटकाच्या कडीला हात लावला आणि ती निरखू लागले. वर बघितली, खाली बघितली, लावून बघितली, काढून बघितली. मी "आत या ना काका" म्हटलं तरी त्यांची नजर कडीवरच. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला रडू आवरत नव्हतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी पर्समध्ये नसलेली किल्ली शोधत होते. शेवटी ते म्हणाले, "कडी मजबूत आहे." मग वाफ्याकडे बघून, एकेक शब्द वेगळा करत म्हणाले, "उन्हाळा लागून राह्यला. झाकण जाड कर. उघडं नोको ठेवू." आणि आले तसे परत गेले. मध्ये विजेच्या खांबापाशी थांबले. ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले आणि त्या दिवशी उशिरा कामावर पोचले.

होळीनंतर चार दिवसांनी ते गेले. घरीच, पहाटे, मुलाच्या आणि सुनेच्या समोर. त्यांच्यात पुरतात. शनिवार असल्यामुळे माझा नवरा घरी होता, तो मातीला गेला. परत येऊन आंघोळ करून बसल्यावर आईने विचारलं, "झालं बराबर?" तो म्हणाला, "झालं सगळं नीट. पण जागा कडक आहे तिथली. वर सगळा पिवळा मुरूमच दिसतो."   दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर तो पिवळा ढिगारा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले आणि सवयीने खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती.

मी आईला हाक मारली. उत्तराची वाटही बघितली नाही. मी अनवाणीच फाटकाकडे धावले. डोक्यात एकच, जामची गाडी किती वाजता असते? काका होते तोवर तारखा पुढे जात होत्या. आता वांग्याला वांगी आली होती, आणि हिला अडवणारं कुणी राहिलं नव्हतं. कडीला हात घातला तेव्हा मागून आवाज आला, "कुठी पळून राह्यली? चप्पल त घाल."

आई वाफ्याशी बसली होती. पिशवी तिच्या पुढ्यात, तोंड उघडं, आणि ती तिच्यात ओंजळी ओंजळीने कुटार भरत होती. वाफ्याच्या वरच्या थराखालचा कुजलेला काळा पाला तिने आधीच पिशवीच्या तळाशी घातला होता.

"त्याईच्या सुनेले इचारलं मी काल," ती म्हणाली. "टाका म्हणे. ऑटो बोलाव."

आम्ही दोघी गेलो. नाल्यापलीकडच्या त्या जागेत सावली नाही. नवा ढिगारा लांबूनच ओळखू येत होता, पिवळा, उघडा, मधोमध हाराची वाळलेली फुलं. 'कोणाले पुरून राह्यली' हे त्यांचं पहिलं वाक्य मला आठवलं आणि तिथेच मटकन बसावंसं वाटलं. आईने मला बसू दिलं नाही. तिने फुलं अलगद बाजूला ठेवली, काळा पाला आधी पसरला, वर कुटार घातलं, आणि मी नेलेल्या बाटलीतलं पाणी शिंपडलं. मग फुलं परत वर ठेवली आणि क्षणभर तिथे उलटा तळहात टेकवला.

"राहीन आता," ती म्हणाली. ढिगाऱ्यावरचं झाकण राहील म्हणाली, की स्वतःचं सांगत होती, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काही उकरून बघितलं नाही.

परतताना तिने रिकामी पिशवी झटकली. तळाला मातीचा ओला डाग पडला होता. "हे आता पाल्याच्याच कामाची," ती म्हणाली. "वांग्याले लय लागन उन्हाळ्यात. अन् घरी गेली का माह्या साड्या कपाटात ठेवजो. खाटेवर पडून आहेत."

खाटेवर त्या होत्याच, नीट घडी घातलेल्या, वर चष्म्याचं घर आणि किल्ली. सकाळी घाबरून धावताना मी त्यांच्या बाजूनेच गेले होते. मी त्या कपाटात ठेवल्या, मधल्या कप्प्यात, आईच्या हाताला सहज येतील अशा. मग बाहेर येऊन माझ्या त्या कोपऱ्यावर आणखी दोन ओंजळी कुटार टाकलं. तिथे अजून काही आलेलं नाही. मी उचलून बघितलेलं नाही.